सुनंदाचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि देवापुढे उभं राहून पुटपुटायची सवय नसल्यामुळे देवालाही नाही. सांगायची वेळच आली नाही असं मात्र नाही हं — वेळा चिक्कार आल्या. प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. बोलायला माझ्याकडे नेहमीच काहीतरी असतं. बहुतेक वेळा म्हशी असतात.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच माझ्यासाठी हळहळत बसणार नाही. मी सुखी माणूस आहे. सुरतेत उधन्याला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. खाली गल्लीत सकाळपासून कापडाचे टेम्पो उभे असतात आणि त्यांच्या हॉर्नचा मला आता त्रासही होत नाही. रविवारी मी कोपऱ्यावरून लोचो आणतो, डाळीच्या वाफवलेल्या पिठाचा तो मऊ सुरती नाश्ता. सुनंदा — माझी बायको — त्यावर कांदा आणि शेव घालते, वर स्वतःसाठी खानदेशी ठेचा घेते, आणि आम्ही गॅलरीत बसून खातो. मुलगी केतकी जनावरांची डॉक्टर होते आहे. मी निवृत्तीला टेकलो आहे. संशोधनात जे करायचं होतं त्यातलं बरंचसं झालं, दोन-चार चांगले विद्यार्थी हाताखालून गेले, रक्तदाब जरा जास्त आहे, बाकी तक्रार नाही. मग कबुली कसली द्यायची? — तेच तर सांगायचं आहे. हे सगळं सुख खरं आहे. आणि त्याच्या तळाशी मी काय पुरलं आहे, ते मला एकट्यालाच माहीत आहे.

माझा विषय उत्क्रांती आणि आनुवंशिकता; त्यातही जनावरांचं प्रजनन. पाहुण्यांपुढे हे सांगितलं की ते चहाच्या कपात बघायला लागतात, म्हणून मी सोपं करून सांगतो. गाय माजावर आली की हंबरते, दावं ओढते, दुसऱ्या गाईवर चढते. सगळ्या गोठ्याला कळतं. म्हैस पुष्कळदा काहीच दाखवत नाही. आमची सुरती म्हैस तर फारच सोशिक. ती एका जागी उभी राहून रवंथ करत असते, आणि आतल्या आत सगळं घडून जातं. शेतकरी याला मुका माज म्हणतात. मालकाला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, म्हैस गाभण राहत नाही, आणि घरात दूध येत नाही. आता ती का दाखवत नाही? रानात असताना ओरडणारीला वाघानं उचललं आणि गप्प राहणारीची पारडी जगली, असं काही झालं असेल का? पुढे माणसानं फक्त दूध बघून म्हशी निवडल्या, तेव्हा हा गप्पपणा त्यांच्यामागून तसाच चालत आला का? आईचा गप्पपणा मुलीत येतो का? — या प्रश्नांत माझं आयुष्य गेलं. मजेत गेलं, खोटं कशाला सांगू.

सुनंदाही याच प्रश्नांत होती. हे फार थोड्यांना माहीत आहे. तिला ओळखणारे लोक तिला उत्साही शाळामास्तरीण म्हणून ओळखतात. मराठी शाळेत तिनं जन्मभर विज्ञान शिकवलं, आणि निम्म्या लिंबायतमधली पोरं तिला बाजारात वाकून नमस्कार करतात. पण त्याआधी ती माझ्याबरोबर होती. आम्ही दोघंही पशुवैद्यकीय पदवी घेऊन एकाच सरांच्या हाताखाली संशोधनाला लागलो होतो. मी बँकेत नोकरी करणाऱ्या बापाचा मुलगा, घरी पुस्तकं, कौतुक, दुपारचं ताक. ती नवागामच्या कामगार वस्तीतली. वडील लूमवर, कापड विणायला. त्यांच्या घरात शिरलं की बोलणं लगेच अहिराणीत सुरू व्हायचं, आणि मला निम्मं कळायचं नाही. लहानपणी ती वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात जायची आणि तुटलेल्या धाग्याला गाठ मारून द्यायची. गाठ कुठे आहे ते कापडात दिसायचं नाही. तिचे वडील हे मला लग्नानंतरही सांगत राहिले. "मनी पोरना हात हालका शे," म्हणायचे. माझ्या पोरीचा हात हलका आहे. मी मान डोलवायचो.

आमच्या घरात मात्र नेमकं याच्या उलट वाक्य चालतं. ते सुनंदाचं वाक्य आहे. पेला फुटला, पोळी फाटली, रांगोळीची रेघ वाकडी गेली, की ती हसून म्हणते, "जाऊ दे, मना हातच जड शे." एरवी ती घरात अहिराणी बोलत नाही. एवढंच वाक्य बोलते. आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही ते पाठ झालं आहे, केतकी तर त्याची नक्कल करते. सगळे हसतात. मीही हसतो.

ते वाक्य तिचं नाही. माझं आहे.

थांबा — एकदम तिथे नको. असं उलटं सांगितलं तर मी जेवढा आहे त्याहून वाईट दिसेन, किंवा कमी वाईट दिसेन, दोन्ही नको. रेड्यांपासून सांगतो.

आमच्या संशोधन केंद्रावर दोन रेडे होते. मोती आणि भुरो. एकाच बापाचे, आया वेगळ्या. तोच तपकिरी रंग, तीच विळ्यासारखी शिंगं, तोच कंटाळलेला चेहरा. मोतीची नसबंदी केलेली होती. अशा रेड्याचं काम असं, की त्याला सकाळी म्हशींमधून फिरवायचं. माणसाला जे दिसत नाही ते त्याला वासावरून कळतं. तो जिच्यापाशी थांबेल ती माजावर आहे, असं टिपून घ्यायचं. चढला तर चढू द्यायचा. त्याच्यापासून गर्भ राहायची भीतीच नाही. भुरो मात्र पैदाशीचा. त्याला आमच्या प्रयोगाच्या म्हशींच्या आसपासही फिरकू द्यायचं नाही, हा नियम. आणि त्याच्याच पोटातला दुसरा नियम असा, की रेडा सोडण्याआधी दरवेळी वाकून मागच्या पायांमधली टाक्यांची खूण बघायची. चेहऱ्यावर जायचं नाही, खुंट्यावर जायचं नाही. वाकायचं, बघायचं, मगच दावं सोडायचं. क्षणाचं काम. सर हे इतक्यांदा सांगत की आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो.

माझा प्रयोग साधा होता, आणि मला तो फार थोर वाटायचा. माज ओळखायच्या भानगडीतच पडायचं नाही. लांब हातमोजा घालून, मागून हात घालून, आतलं बीजांड चाचपायचं. त्यावरून दिवस ठरवायचा. आणि त्या दिवशी नळीनं कृत्रिम रेतन करायचं; मोती फक्त पडताळ्यापुरता. म्हैस कितीही मुकी असो, बोट बरोबर पोचलं की तिचं गुपित कळलं. केंद्रावरच्या म्हशींवर हे मी करणार होतो. बारडोलीकडच्या गावांमधल्या शेतकऱ्यांच्या म्हशींवर सुनंदा करणार होती. दोघांचे निकाल जुळले तर पद्धत सिद्ध झाली, आणि त्यावर दोघांचंही पुढचं सगळं उभं राहणार होतं.

रेड्यांकडे बघायला रमणभाई होते. ऐन हंगामात ते भाचीच्या लग्नाला गावी गेले. म्हशी थंडीतच जास्त माजावर येतात. तो हंगाम हुकला की वर्ष गेलं. मी सरांना म्हणालो, काळजी नको, रेडा मी फिरवीन. पहाटे उठायचा मला फार हुरूप होता. मोतीचा खुंटा पाण्याच्या टाकीजवळचा. मी रोज सकाळी गेलो, टाकीजवळच्या रेड्याचं दावं सोडलं, म्हशींमधून फिरवला. वाकलो नाही. का नाही वाकलो? थंडी होती, शेण होतं, आणि टाकीजवळचा रेडा म्हणजे मोती हे मला माहीतच होतं की! तो बरेचदा चढलाही. आज मोती रंगात आहे, असं मी स्वतःशी म्हणत असे.

रमणभाईंनी जाण्याआधी खुंटे बदलले होते. टाकीजवळची फरशी उखडली होती आणि मोतीचा खूर दुखावला होता, म्हणून त्याला पलीकडे बांधला. त्यात त्यांची काय चूक? खुंटे बदलतात, म्हणून तर वाकायचं असतं. त्यांच्याकडचं लग्नकार्य उरकत आलं तेव्हा एका दुपारी मी पलीकडच्या रेड्याला पाणी घालून धुवायला घेतलं, आणि मागच्या पायांशी बसलो तर समोर टाक्यांची खूण. ती ओळखायला मला वेळ लागला नाही. त्या शस्त्रक्रियेत शेवटचा टाका माझाच होता आणि तो वाकडा बसला होता. त्यावरून मला सगळ्यांनी पुरेसं छळलं होतं. पाइप हातात तसाच. पाणी पायावर सांडतंय. इतके दिवस रोज मी भुरोला सोडत होतो.

आता तुम्ही म्हणाल, चूक झाली, होते. खरंच होते. त्या दुपारी मी सरळ सरांकडे गेलो असतो, तर त्यांनी मला गुजरातीत यथेच्छ झापलं असतं, माझा हंगाम वाया गेला असता, शिष्यवृत्ती बहुधा गेली असती, आणि ही गोष्ट आज आम्ही हसत हसत सांगितली असती — आमचा बुवा रेडा ओळखायला चुकला! आनुवंशिकता शिकणाऱ्या माणसाला दोन भाऊ ओळखता येऊ नयेत! किती छान गोष्ट झाली असती.

मी गेलो नाही. मी दोघांचे खुंटे परत बदलले आणि पाइप गुंडाळून ठेवला. म्हटलं, बघू. कदाचित काही झालंच नसेल.

काही झालं नसेल कसं? तपासणीत जवळजवळ सगळ्या म्हशी गाभण निघाल्या. असा निकाल कुणी पाहिला नव्हता. सरांनी पेढे मागवले. रमणभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यातली किती पारडी माझ्या नळीची आणि किती भुरोची, हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं, आणि आजही येत नाही. पण पेढा मी खाल्ला. गोड लागला, हे कबूल करायला हवं. माणूस फार लवकर स्वतःवर विश्वास ठेवायला लागतो हो. आठवडाभरात मी मनाशी म्हणायला लागलो होतो, की भुरोनं थोडीफार मदत केली असेल, पण पद्धत मुळात चांगलीच आहे.

आणि तिकडे सुनंदा. ती रोज पहिली बस पकडून बारडोलीकडे जायची, तिथून सायकलवर गावोगाव. उसाच्या रस्त्यांनी, चिखलातून. बाईमाणूस म्हशीच्या मागे उभी राहून हात घालते हे बघायला गोठ्यापाशी गर्दी जमायची. कुणी काही बोलायचं. ती गर्दीला न जुमानता काम करायची, म्हशीशी हळू आवाजात अहिराणीत बोलत. मी एक-दोनदा तिच्याबरोबर गेलो होतो, मी पाहिलं आहे. म्हैस हलायचीसुद्धा नाही. माझ्या म्हशी पाठ वाकवायच्या, शेपटी आपटायच्या. तिच्या डोळे मिटून रवंथ करायच्या. तिचे निकाल आले ते अगदी साधे. नेहमी येतात तसे. खरे.

एकच पद्धत, एकच जात, एकच हंगाम. मग एकीकडे एवढं यश आणि दुसरीकडे नेहमीइतकंच, असं का? सरांना हा प्रश्न पडणं स्वाभाविक होतं. मलाही पडायला हवा होता. मला उत्तर माहीत होतं म्हणून पडला नाही. सरांनी मला एकट्याला बोलावलं. ते चांगले होते, न्यायी होते, म्हणून तर तिला काही बोलण्याआधी त्यांनी मला विचारलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "साचुं कहे, एनो हाथ केवो छे?" खरं सांग, तिचा हात कसा आहे?

हेच ते. इथे यायला मला एवढा वेळ लागला.

मी चहाचा घोट घेतला. जरा विचार केल्यासारखं केलं. मैत्रिणीबद्दल वाईट बोलायला जड जातंय, असा चेहरा केला — आणि तो चेहरा खोटा नव्हता, हे आणखी वाईट. मग म्हणालो, "जरा भारे छे, सर." जरा जड आहे.

बस. एवढंच. दिवसाढवळ्या, पंख्याखाली बसून, चहा घेत. आवाज चढवला नाही, शपथ घेतली नाही. आमच्या धंद्यात हात जड असणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. ज्याचा हात जड, त्याच्या बोटाला आतलं काही समजत नाही. तो जनावराला दुखवतो, आणि त्याचं कुठलंच निरीक्षण कुणी धरत नाही. शिकवून सुधारेल अशी ती गोष्ट मानत नाहीत. सरांनी मान हलवली. त्यांचं कोडं सुटलं होतं. माझंही.

त्यांनी तिला गावांतून काढून केंद्रावर बसवलं, मग आकडेमोडीला लावलं. कारण काय ते त्यांनी तिला सांगितलं, पण माझं नाव घेतलं नाही. ते तसे सभ्य होते. तिनं मलाच विचारलं. बस स्टँडवर, बाकावर बसून, स्वतःचा उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. "तू खरं सांगशील. माझा हात खरंच जड आहे का?" मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "सवयीनं येतं गं." आणि थोडं थांबून — हे थांबणं मला अजून आठवतं — "पण सगळ्यांनाच येतं असं नाही." तिनं मांडीवरचा हात पालथा केला. मग रडली. मी तिला रुमाल दिला. उन्हाळ्याच्या आत तिनं संशोधन सोडलं.

तिचं सांत्वन करायला कोण होतं? मीच होतो. रोज भेटायचो, उसाचा रस पाजायचो, नोकरीच्या जाहिराती शोधून द्यायचो. शाळेतली जागा मीच सुचवली. त्यातच आमचं जमलं. माझ्या आईनं थोडी कुरकुर केली, तिच्या वडिलांनी माझी दोन तास उलटतपासणी केली, आणि लग्न झालं. माझं तिच्यावर प्रेम होतं. आहे. कुणी म्हणेल, अपराधाची भरपाई म्हणून लग्न केलं असेल. नाही हो. भरपाई करायची तर खरं सांगायचं होतं. मला ती हवी होती, आणि खोटंही ठेवायचं होतं. दोन्ही मिळालं.

शाळेत ती रमली. हेही खरंच आहे, आणि हे मी माझ्या बाजूनं कितीतरी वेळा वापरलं आहे. बघ, किती आनंदात आहे. संशोधनात राहिली असती तर एवढी पोरं हिच्या हाताखालून गेली असती का? असा हिशेब मला छान जमतो. पण मग काही गोष्टी त्या हिशेबात बसत नाहीत. केतकी जन्मली तेव्हा सुनंदानं तिला तेल लावायला नकार दिला. "माझा हात जड आहे, तिला लागेल." पशुवैद्य बाई, तान्ह्या पोरीला हात लावायला घाबरते! माझी आई म्हणाली, पहिलटकरीण आहे, असतं असं. शेवटी रोज तेल लावून आंघोळ घालायला एक बाई ठेवली. सुनंदा दारात उभी राहून बघायची. त्या बाईचे हात पोरीच्या पाठीवरून फिरायचे आणि सुनंदाची बोटं पदराशी चाळा करत राहायची. मी ते पाहिलं. मी ऑफिसला निघून गेलो.

पुढे माझी आई आजारी पडली, तिला रोज इंजेक्शन द्यावं लागायचं. तेही सुनंदानं दिलं नाही. मीच द्यायचो. आई ओरडायची.

विज्ञानाचं म्हणाल तर मी ते दुरुस्त केलं. हसू नका. त्या पहिल्या निकालावर मला नोकरी मिळाली, मान मिळाला. पण त्यानंतर मी कधीही वाकल्याशिवाय दावं सोडलेलं नाही. मुक्या माजावरचं, माय-लेकींच्या वंशावळींवरचं माझं पुढचं काम दुसऱ्यांनी तपासलेलं आहे, ते टिकलं आहे. आणि त्या जुन्या पद्धतीबद्दल मीच एका लेखात लिहिलं, की सुरुवातीच्या निष्कर्षांना पुढील अभ्यासात दुजोरा मिळाला नाही. एक सरळ, कोरडं वाक्य. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. म्हणजे जगाला मी सांगितलं आहे, नाही का? जगातल्या ज्या एका व्यक्तीला त्या वाक्याची गरज होती, ती तेव्हा दुसऱ्या खोलीत सातवीचे पेपर तपासत होती. तिला मी हाक मारली नाही.

पारड्यांच्या रक्ताचे नमुने बरीच वर्षं आमच्या फ्रीजरमध्ये होते. बाप ओळखायची चाचणी पुढे स्वस्त झाली, माझ्याच प्रयोगशाळेत रोज व्हायला लागली. मी ती त्या नमुन्यांवर केली नाही. नवा फ्रीजर आला तेव्हा जुन्यातलं काय ठेवायचं असं पोरांनी विचारलं. मी म्हणालो, ते टाका.

आता गेल्या महिन्यातलं सांगतो, कारण त्याशिवाय मी हे लिहायला बसलोच नसतो.

केतकी वसतिगृहातून अचानक आली. रविवार होता. पिशवी दारात टाकली आणि सोफ्यावर बसून ढसाढसा रडायला लागली. तिची प्रात्यक्षिकं चालू आहेत. वर्गातल्या सगळ्यांना म्हशीच्या आत हात घालून सगळं सापडतं, हिला काही सापडत नाही. एका म्हशीनं लाथ मारली. मास्तर सगळ्यांदेखत काहीतरी बोलले. "मी सोडते, बाबा. मला नाही जमणार. आईचा हात आलाय माझ्यात. मना हातच जड शे," असं म्हणून ती रडता रडता हसली, आणि पुन्हा रडली.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. म्हणाली, "माझ्यामुळे गं. आधीच सांगायला हवं होतं, या लाइनला जाऊ नकोस म्हणून."

आईकडून मुलीकडे काय येतं, यावर मी जन्मभर पोट भरलेलं आहे. म्हणजे त्या खोलीत बोलायचा हक्क कुणाला होता, तर मला होता. आणि मी बोललो. फार छान बोललो. हात असा आईकडून येत नसतो, हे मी केतकीला समजावून सांगितलं. काय येतं, काय येत नाही. बोटांना शिकायला किती वेळ लागतो. पहिल्या वर्षी मला शेणाशिवाय काही सापडलं नव्हतं. एका म्हशीनं लाथ मारून मला शेणाच्या टोपलीत कसं बसवलं होतं. अभिनयासकट. केतकी हसायला लागली. नाक पुसलं. "म्हणजे असं काही नसतंच?" "येडी आहेस का? शास्त्रात असं काही नाही." तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि खायला काय आहे ते विचारलं.

आणि सुनंदाही हसली. मनापासून, ओझं उतरल्यासारखी. हात पुसत म्हणाली, "बरं झालं बाई. म्हणजे माझं माझ्यापाशीच राहिलं."

मी ऐकलं. नीट ऐकलं. मुलीला वाचवण्यासाठी खरं बोलावंच लागलं असतं, तर कदाचित बोललो असतो — की नसतो? तशी गरजच पडली नाही. शास्त्रानं भागलं. मुलगी सुटली, आणि ते ओझं पुन्हा नीट उचलून मी बायकोच्या हातावर ठेवलं. पूर्वी मी तरुण होतो, घाबरलो होतो, असं म्हणता येईल. त्या रविवारी मला कशाची भीती होती? नोकरी जाणार नव्हती. सर तर हयातही नाहीत. ती घर सोडून गेली नसती, तेवढं मी तिला ओळखतो. तिनं फक्त माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. लोचो खाताना समोर बसलेला माणूस तिला वेगळा दिसला असता. तेवढं मला नको होतं. माझ्या सकाळी मला आहेत तशाच हव्या होत्या, म्हणून मी गप्प बसलो.

जेवायला वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी होती. मी आणखी एक भाकरी मागून घेतली. दुपारी झोपही चांगली लागली.

केतकी परत गेली. काल संध्याकाळी तिचा फोन आला, अक्षरशः ओरडत होती. सापडलं! बीजांड हाताला लागलं, मास्तरांनी स्वतः हात घालून खात्री केली, म्हणाले बरोबर आहे. म्हैस हललीसुद्धा नाही, म्हणे. रवंथ करत उभी होती.

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. फोन ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात किती हलका आहे, हे मला रोजच कळतं. म्हणाली, "देव पावला. तुमचा हात आलाय हो पोरीत."

मी म्हणालो, "हो."